बेट नावाची सोय

१

मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत काही शब्दप्रयोग इतके रुळले आहेत की ते वापरताना पुरावा देण्याची गरज कोणालाच वाटत नाही. 'बंदिस्त गाव', 'स्वयंपूर्ण ग्रामजीवन', 'शहरी संस्कृतीचा शिरकाव', 'आधुनिकतेच्या वाऱ्यापासून दूर राहिलेले जग' हे शब्द एकमेकांचा हात धरून येतात. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते असतात, कादंबरीच्या प्रस्तावनेत असतात आणि चर्चासत्रातील निबंधात तर ते गृहीतच धरलेले असतात. या सर्वांच्या मुळाशी एकच चित्र आहे. चहूकडे पाणी, मध्ये जमिनीचा एक तुकडा, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच लयीत जगणारी माणसे. मग एके दिवशी क्षितिजावर शीड दिसते आणि तेथून पुढे जे घडते ते सारे ऱ्हासाचे. समीक्षक तो शब्द उच्चारोत अथवा न उच्चारोत, हे चित्र बेटाचे आहे.

हे चित्र चुकीचे आहे एवढेच म्हणून भागत नाही. चुकीच्या गोष्टी कालांतराने गळून पडतात. ही पडत नाही, कारण ती सोयीची आहे. गावाला बेट मानले की त्याचा इतिहास शोधावा लागत नाही; इतिहास बाहेरून येतो, असे म्हणता येते. गावातल्या सत्तेचा हिशेब मांडावा लागत नाही. सारा दोष 'बाहेरच्या'वर टाकता येतो. आणि बाहेरचा गुन्हेगार अडचणीचा असेल तर सारा दोष बेटावरच्या माणसांवर टाकण्याचीही मुभा राहते. तेव्हा या कल्पनेची परीक्षा तिला सर्वांत अनुकूल असलेल्या ठिकाणीच घेतली पाहिजे. जगात ज्याला बेटांतले बेट मानले जाते, त्या पॉलिनेशियातील रापा नुईलाही ही कल्पना लागू पडत नसेल, तर वारणेच्या खोऱ्यातल्या कोडोलीला ती लावण्याचा अधिकार मराठी समीक्षेला कोणी दिला, हा प्रश्न मग टाळता येणार नाही.

२

रापा नुई, म्हणजे युरोपीयांनी ज्याला ईस्टर बेट म्हटले ते. क्षेत्रफळ सुमारे १६४ चौरस किलोमीटर. चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर, आणि पश्चिमेकडे सर्वांत जवळची वस्ती असलेले पिटकेर्न बेट दोन हजार किलोमीटरांवर. मोआई नावाचे प्रचंड दगडी पुतळे हजाराच्या घरात. लाकडी फळ्यांवर कोरलेली रोंगोरोंगो ही चिन्हलिपी अद्याप कोणाला वाचता आलेली नाही. एवढ्या सामग्रीवर एक बोधकथा सहज रचता येते, आणि ती रचली गेली. बेटावरील माणसांनी पुतळ्यांच्या नादाने झाडे तोडली, माती वाहून गेली, होड्या बांधायला लाकूड उरले नाही, अन्न संपले, मग ती एकमेकांच्या जिवावर उठली. युरोपीय जहाजे पोचण्यापूर्वीच ही संस्कृती आत्मनाशाने संपली होती. जॅरेड डायमंड यांच्या २००५ सालच्या 'कोलॅप्स' या ग्रंथाने ही कथा जगभर नेली. पर्यावरणविषयक भाषणांत रापा नुई म्हणजे पृथ्वीची छोटी प्रतिकृती ठरली. मराठीतही ती याच रूपात उतरली.

या कथेतील एक भाग खरा आहे: बेटावरचे ताडांचे रान संपले. परंतु रान संपणे आणि समाज संपणे यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कथेने एका वाक्यात ओलांडले. शेतात दगडांचे आच्छादन घालून ओल आणि माती धरून ठेवण्याची पद्धत बेटवासीयांनी विकसित केली होती. कोरडवाहू शेती पाहिलेल्या कोणालाही त्या खटाटोपाची किंमत कळेल. अशी शेती करणारा समाज आत्मनाशाच्या वाटेवर आहे असे म्हणायला फार मोठी खात्री लागते. टेरी हंट आणि कार्ल लिपो यांनी २०११ मध्ये या कथेला सविस्तर आव्हान दिले. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रापा नुईच्या १५ पूर्वजांच्या अवशेषांतील जनुकीय आराखड्यांची तपासणी झाली. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण तीत सापडली नाही. लोकसंख्या कोसळली ती नंतर, आणि तिची तारीख माहीत आहे. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसे धरून नेली. बाहेरून ओरड झाल्यावर जे मूठभर परत पाठवले गेले त्यांच्याबरोबर देवीचा रोग आला. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसे उरली होती. धरून नेलेल्यांत फळ्या वाचणारे जाणतेही होते. म्हणजे लिपी 'गूढ' झाली ती काळाच्या ओघात नव्हे. वाचणारे माणूस म्हणून पळवले गेले, म्हणून.

या साऱ्यातील सर्वांत बोलका भाग पुढचा आहे. १८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १९५३ पर्यंत, बेटाची बहुतेक जमीन मेंढ्यांसाठी एका व्यापारी कंपनीच्या भाडेपट्ट्याखाली होती. बेटवासीयांना हांगा रोआ या एका वस्तीत भिंतीआड ठेवले गेले. परवानगीवाचून स्वतःच्याच बेटावर फिरण्याची त्यांना मुभा नव्हती. १९४० आणि ५०च्या दशकांत काहीजण लहान होड्यांतून निसटले. काही पोचले, काही समुद्रात नाहीसे झाले. १९६४ मध्ये आल्फोन्सो रापू या तेथीलच तरुण शिक्षकाच्या नेतृत्वाखाली बेटाने हक्क मागितले आणि १९६६ मध्ये नागरिकत्व मिळाले. उलटसुलट वाटावे असे सत्य येथे समोर येते. आगबोटी समुद्र ओलांडू लागल्या, तारायंत्रे आली, नकाशे पुरे झाले, त्याच काळात हे बेट खऱ्या अर्थाने बेट झाले. त्याचे एकाकीपण समुद्राने दिलेले नव्हते. ते भाडेपट्ट्याने दिले होते, आणि त्याला दगडी भिंत होती.

त्यापूर्वीच्या रापा नुईची गोष्ट वेगळी आहे. सुमारे बाराव्या-तेराव्या शतकात जोडहोड्यांतून माणसे तेथे पोचली ती चुकून वाहत आलेली नव्हती. कोंबड्या, केळी, ऊस, रताळी अशी संसाराची बेगमी घेऊन आलेली होती. रताळे मूळचे अमेरिकेचे. युरोपीय गलबते पॅसिफिकमध्ये शिरण्याच्या कितीतरी आधी ते पॉलिनेशियात पोचले होते आणि त्याचे 'कुमारा' हे नावही दक्षिण अमेरिकी भाषांतील नावाशी जुळते. २०२४च्या अभ्यासात रापा नुईच्या पूर्वजांच्या रक्तात सुमारे दहावा हिस्सा अमेरिकी मूळनिवासींचा आढळला, आणि तो संबंध युरोपीयांच्या आगमनापूर्वीचा, तेराव्या ते पंधराव्या शतकातला ठरला. १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावर आलेल्या तुपाया या राईआतेआच्या नाविक-पुरोहिताने सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा काढून दिला. १७७४ मध्ये कुक रापा नुईला पोचला तेव्हा त्याच्याबरोबरच्या बोरा बोराच्या तरुणाला तेथील बोली बऱ्याच अंशी समजली.

टोंगन वंशाचे लेखक आणि विचारवंत एपेली हाऊओफा यांनी १९९३च्या 'आपला बेटांचा समुद्र' या निबंधात याच इतिहासातून एक सिद्धान्त काढला. पॅसिफिककडे पाहण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत दूरच्या समुद्रात विखुरलेले जमिनीचे क्षुद्र ठिपके दिसतात. दुसरीत समुद्र हेच राहण्याचे, जाण्यायेण्याचे, सोयरिकीचे घर दिसते आणि बेटे त्यातल्या खोल्या ठरतात. पहिली रीत वासाहतिक नकाशाची आहे. त्या नकाशाने सीमा आखल्या आणि शतकानुशतके फिरणाऱ्या माणसांना स्थानबद्ध केले. हाऊओफांचा मुद्दा भावनिक नाही, तो वाचनपद्धतीचा आहे. दुर्गमता हा जागेचा गुण नाही. ती जागेवर केलेल्या एका विशिष्ट वाचनाची निष्पत्ती आहे. रापा नुईला तेथील लोक 'ते पितो ओ ते हेनुआ' म्हणत. त्यातील 'पितो' या शब्दाला नाभी, नाळ आणि टोक असे सारेच अर्थ आहेत. अभ्यासकांनी कधी 'पृथ्वीची नाभी' वाचले, कधी 'जमिनीचे टोक'. एकाच शब्दात केंद्र आणि कडा दोन्ही मावतात. कोणते वाचायचे हे वाचणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेवर ठरते.

३

मराठी समीक्षकांनी पॅसिफिकचा अभ्यास केला नाही हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. पण बेटाची ही कल्पना त्यांच्याकडे कोणत्या वाटेने आली, हे त्यांनी तपासायला हवे होते. ती मुळी देशी नाही. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ या कंपनी अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले: राजवटी येतात-जातात, खेडे तसेच राहते. हे वर्णन महसूलव्यवस्थेच्या वादातले होते. खेडे हा एक न बदलणारा घटक मानला की त्यावर सारा बसवणे सोपे जाते. पुढे राष्ट्रवाद्यांनी तेच वर्णन गौरवाचे मानले. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत या गौरवाला स्पष्ट नकार दिला. ज्याला प्रजासत्ताक म्हटले जाते ते कोणाचे आणि कोणाला वगळून, हा त्या नकाराचा गाभा होता. साहित्यसमीक्षेने तो नकार दलित साहित्याच्या दालनात ठेवला आणि ग्रामीण साहित्याच्या दालनात मेटकाफला राहू दिले.

दुसरी वाट मानववंशशास्त्राची. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९०६ ते १९०८ या काळात अंदमानात काम केले, त्यावरचा ग्रंथ १९२२चा. रेमंड फर्थ यांनी १९२८-२९ मध्ये टिकोपिया या छोट्या पॉलिनेशियन बेटावर काम केले, ग्रंथ १९३६चा. बेट हे या शास्त्राचे आदर्श क्षेत्र ठरले, कारण तेथे समाजाची सीमा निसर्गानेच आखून दिल्यासारखी वाटते. ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राउन यांच्याकडे शिकलेले एम. एन. श्रीनिवास पुढे खेड्यांच्या अभ्यासाकडे वळले. १९५५ हे एकच वर्ष पाहिले तरी श्रीनिवास, एस. सी. दुबे आणि मॅकिम मॅरियट यांची भारतीय खेड्यांवरची पुस्तके त्यात दिसतात. बेटासाठी घडवलेली पद्धत खेड्याला लावली गेली. परंतु समाजशास्त्र लवकरच शहाणे झाले. १९६० मध्ये स्वतः श्रीनिवास आणि ए. एम. शहा यांनी खेड्याच्या स्वयंपूर्णतेला मिथक ठरवणारा लेख लिहिला: लग्ने गावाबाहेर होतात, बाजार गावाबाहेर भरतो, जत्रा गावाबाहेर असते, जातपंचायत अनेक गावांची असते. ज्या शास्त्राने ही कल्पना पुरवली त्यानेच ती परत घेतली. मराठी समीक्षा मात्र परत केलेली वस्तू अजून वापरते आहे.

त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गावगाड्या'चा (१९१५) आधार या ठिकाणी हमखास दिला जातो. पण बलुत्यांची चौकट तेवढी उचलून तो ग्रंथ बाजूला ठेवला जातो. आत्रे यांनी फिरस्त्या जमातींचे जे सविस्तर वर्णन केले आहे, त्यात दारोदार येणाऱ्या, तळ टाकणाऱ्या, गावाच्या जिवावर आणि गाव ज्यांच्या जिवावर चालते अशा माणसांची रीघ आहे. त्या वर्णनात अनेकांविषयी संशय आणि आकस आहे हे खरे. तरीही गाव ही रहदारीची जागा आहे, हे त्यातून लपत नाही. बेट शोधायला निघालेल्यांना 'गावगाड्या'त बेट सापडते, कारण त्यांनी गाडा पाहिला नाही, फक्त गाव पाहिले. चाक असलेल्या वस्तूचे नाव ग्रंथाला का दिले गेले असावे, एवढा विचारही झालेला दिसत नाही.

४

आता कोडोली. पन्हाळा तालुक्यातले, वारणेच्या दक्षिणेकडचे हे मोठे गाव. ग्रामीण साहित्यावरच्या कोणत्याही प्रबंधात त्याची 'पार्श्वभूमी' लिहायची तर ती आधीच तयार असते: सुपीक माती, ऊस, जोतिबा, साधीभोळी माणसे. या चार शब्दांपैकी प्रत्येक जरा उकलून पाहावा.

ऊस. वारणेच्या काठच्या फडात आज जो ऊस उभा असतो, मग तो को-८६०३२ असो वा दुसरा कोणता, तो कोईमतूरच्या संशोधन केंद्रातील संकरांच्या परंपरेतला. ते केंद्र १९१२ साली सुरू झाले. या संकरांच्या वंशावळीत जाड कांडीचा, रसाळ 'नोबल' ऊस आहे. त्याचे मूळ न्यू गिनीत. तेथून तो होड्यांबरोबर बेटाबेटावर गेला, आणि रॉगेव्हीनच्या जहाजांना १७२२ मध्ये रापा नुईवरही ऊस दिसला. १७६८ मध्ये बुगँव्हील ताहितीला गेला. ताहितीचा ऊस त्याच मार्गाने मॉरिशसला आला आणि पुढच्या पन्नास वर्षांत उष्ण कटिबंधातल्या मळ्यांवर पसरला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मॉरिशसहून भारतातही पोचला. कोडोलीच्या शेतकऱ्याच्या फडाचे पॉलिनेशियाशी असलेले नाते अलंकारिक नाही. ते कांडीचे नाते आहे. हाच ऊस गुऱ्हाळात गेला, त्याचा गूळ १८९५ साली शाहू महाराजांनी वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेत आणि तेथून गुजरातेत गेला. पुढे कोडोलीच्या शेजारीच तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, वारणानगर वसले, आणि १९९८ मध्ये वारणा परिसरातली सत्तरच्या आसपास गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प याच भागात सुरू झाला. एकादशीला कोडोलीत जे रताळे उकडले जाते तेही अमेरिकेचेच. पॉलिनेशियात ते पूर्वेकडून गेले, येथे पोर्तुगीजांच्या मार्गाने आले. परंपरेतले सर्वांत सोवळे अन्न समुद्र ओलांडून आलेले आहे.

जोतिबा. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला ज्या सासनकाठ्या नाचवल्या जातात त्या कोण्या एका गावच्या नसतात; महाराष्ट्र-कर्नाटकातील गावोगावच्या मानाच्या काठ्या तेथे येतात. श्रद्धेचे हे जाळे रस्त्यांच्या जाळ्याहून जुने आहे. ग्रामदैवत म्हणजे गावाची सीमा, असे लिहिणाऱ्याने चैत्रात एकदा डोंगराखाली उभे राहावे.

'साधीभोळी माणसे' हा शब्द मात्र कोडोलीत सर्वाधिक अडखळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोडोली हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे झाले. शाळा, प्रार्थनामंदिर, रुग्णालय असा त्याचा विस्तार झाला. या ठाण्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. कोल्हापुरात मिशन सुरू केले ते रॉयल विल्डर यांनी, १८५२ मध्ये. ते १८४६ साली अहमदनगरला आले होते, बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड'चे मिशनरी म्हणून. याच बोर्डाने १८१३ मध्ये मुंबईत मराठी मिशन सुरू केले आणि १८१९ मध्ये हवाईला मिशनरी धाडले. रूफस अँडरसन हे बोर्डाचे सचिव दोन्हीकडचा कारभार पाहत. १८५४-५५ मध्ये ते स्वतः भारतात आले, मिशनच्या शाळांविषयी त्यांनी कडक धोरण आखले. १८६३ मध्ये ते हवाईला गेले. या शालेय धोरणावरून विल्डर यांचे बोर्डाशी बिनसले आणि १८६१ मध्ये त्यांनी मिशन शाळांची बाजू मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १८७०च्या सुमारास कोल्हापूरचे मिशन प्रेस्बिटेरियनांकडे गेले. कोल्हापूरच्या मुलांनी कोणत्या शाळेत काय शिकावे, हा प्रश्न बोस्टनमधल्या ज्या टेबलावर होता त्याच टेबलावर एका पॉलिनेशियन द्वीपसमूहाच्या भवितव्याचे कागद होते. ज्यांना समीक्षा दोन निरनिराळी 'दूरची जगे' म्हणते, ती एका कार्यालयाच्या दृष्टीने शेजारी होती.

कोडोलीतल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबांनी मिशनची वाट धरली तेव्हा ती 'बाहेरच्या प्रभावाला बळी' पडली, असे म्हणणे म्हणजे भिंतीच्या आतून लिहिणे होय. रापा नुईच्या भिंतीने माणसांना आत कोंडले. मराठी गावकुसाने माणसांना बाहेर ठेवले. दिशा वेगळी, काम एकच. वतनाने बांधलेल्या माणसाचे गाव त्याच्यासाठी बेट होते हे खरे, पण ते बेट भूगोलाने नव्हे तर हक्कलेखाने तयार झाले होते. आणि कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये शाहू महाराजांनी महार वतन रद्द केले तेव्हा त्या बेटाचा एक किनारा फुटला. या घटना गावाच्या इतिहासाला बाहेरून चिकटलेल्या नाहीत. त्याच गावाचा इतिहास आहेत.

५

समाजशास्त्राचे हे असेल, साहित्यकृतीला स्वतःची सीमा लागतेच, असा आक्षेप येईल. तो योग्य आहे. कादंबरीला अवकाश मर्यादित करावाच लागतो. एक वाडी, एक शेत, एक कुटुंब हा रूपबंधाचा निर्णय असतो. पण रूपबंधाची सीमा आणि चित्रित जगाची सीमा या दोन गोष्टी आहेत. पहिली लेखकाने आखलेली असते. दुसरी समीक्षकाने तिच्यावर लादलेली असते.

'बनगरवाडी' (१९५५) हे याचे ठळक उदाहरण. धनगरांच्या या वस्तीचे कालातीत, निसर्गाशी एकरूप जग म्हणून तिचे जे वाचन रूढ आहे त्याला कादंबरीची चौकटच साक्ष देत नाही. तिचा आरंभ औंध संस्थानाने नेमलेल्या एका तरुण मास्तराच्या चालत येण्याने होतो. म्हणजे पहिल्याच पानांत राज्यसंस्था, शाळा, पगार आणि अक्षर वाडीत शिरलेले आहेत. नव्हे, त्यांच्याच डोळ्यांनी वाडी दिसते आहे. मध्यभागी तालमीची इमारत उभी राहते आणि राजा तेथे येतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि धनगर मेंढरे घेऊन चालू लागतात. आगमनाने सुरू होणारी आणि स्थलांतराने संपणारी ही कादंबरी स्थैर्याची कशी? धनगराला जाणे हा ऱ्हास नसून जगण्याची रीत आहे. तोही एक समुद्र जाणतो, फक्त त्याचा समुद्र माळांचा आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशाचे बेट केले नाही. ते त्यांच्या वाचकांनी केले.

आनंद यादव यांच्या 'गोतावळा'चे (१९७१) वाचन अधिक चिंताजनक आहे, कारण तेथे बेटाची कल्पना नैतिक काम करते. नारबा हा सालगडी, त्याची जनावरे, शेत, आणि मग आलेला ट्रॅक्टर: यंत्राने एका सेंद्रिय जगाचा घास घेतला, असे सांगितले जाते. पण ट्रॅक्टर आपण होऊन आलेला नाही. तो मालकाने आणला. जनावरे नारबाची नव्हती; ती विकण्याचा अधिकार ज्याचा होता त्याने विकली. नारबाला जमीन नाही, लग्न नाही, घर नाही. मुक्या जनावरांनाच गोतावळा मानण्याची पाळी त्याच्यावर ट्रॅक्टर येण्यापूर्वीच आलेली आहे. त्याचे एकाकीपण यंत्राने आणले नाही. यंत्राने ते फक्त उघडे पाडले. 'यंत्र विरुद्ध निसर्ग' असे वाचले की मालक दिसेनासा होतो, जसा 'माणूस विरुद्ध जंगल' असे वाचले की रापा नुईचा गुलामांचा व्यापारी दिसेनासा होतो. दोन्ही वाचने एकाच यंत्रणेने चालतात.

आणि ज्या लेखकाच्या साहित्यात वारणेचे खोरे खरोखर आहे, त्या अण्णा भाऊ साठे यांच्याकडे बेटाची कल्पना घेऊन जाताच येत नाही. वाटेगावाहून मुंबईला पायी गेलेल्या या लेखकाच्या लेखनात खोरे, डोंगर, तुरुंग, चाळ आणि गिरणी एकाच श्वासात येतात. ग्रामीण साहित्याच्या व्याख्येत ते दीर्घकाळ नीट बसवता आले नाहीत, याचे कारण त्यांच्या साहित्यात शोधले गेले. ते व्याख्येत शोधायला हवे होते.

६

देशीवादाचा प्रश्न येथे अटळ आहे. भालचंद्र नेमाडे यांनी ऐंशीच्या दशकापासून जो विचार मांडला त्याने मराठी समीक्षेची वासाहतिक लाचारी उघड केली, हे त्याचे ऋण मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. परंतु त्या विचाराच्या नावाने पुढे जे समीक्षालेखन झाले त्याने मेटकाफच्या बेटाला देशी झेंडा लावला. भूमी, मुळे, नाळ या रूपकांत 'येथले' म्हणजे न हललेले, असा अर्थ शिरला. नेमाड्यांच्या 'कोसला'चा (१९६३) पांडुरंग सांगवी आणि पुणे यांच्यामध्ये सतत ये-जा करतो, आणि त्या ये-जा करण्यातच कादंबरीची भाषा घडते, एवढे लक्षात ठेवले असते तरी हा अनर्थ टळला असता. नाळ ही मुळात जोडणारी गोष्ट आहे. तिला खुंटीचा अर्थ देणे हा भाषेवरचाही अन्याय आहे.

याच्या उलट टोकालाही एक सापळा आहे आणि तो कमी मोहक नाही. बेट नाकारायचे म्हणून कोणतीही गोष्ट कोणत्याही गोष्टीला जोडता येत नाही. १९३२ मध्ये गियोम द हेवेशी यांनी रोंगोरोंगोची चिन्हे आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील चिन्हे यांच्यातील साम्य दाखवले आणि भारतात त्याचे आनंदाने स्वागत झाले. दोन्हींमध्ये तीन हजारांहून अधिक वर्षे आणि निम्मी पृथ्वी आहे. अल्फ्रेड मेत्रो यांनी त्या साम्याचा पाया ढासळवला. तरीही दूरच्या प्रत्येक संस्कृतीत आपले पूर्वज शोधण्याची हौस संपत नाही. ही हौस बेटाच्या कल्पनेची शत्रू वाटते, पण ती तिचीच बहीण आहे. कारण तीही स्थानिक माणसाला कर्ता मानत नाही; त्याच्या हातून काही घडले असेल तर ते दुसऱ्या कोणी शिकवले असणार, असे ती धरून चालते. रताळ्याचा प्रवास आणि रोंगोरोंगोचा तथाकथित भारतीय प्रवास यांत फरक आहे तो पुराव्याचा. जोडणे हे काम आहे, इच्छा नव्हे.

अंतर खरे असते, हेही मान्य केले पाहिजे. पन्हाळ्याच्या पलीकडच्या वाड्यांना पावसात रस्ता नसतो, आणि रापा नुईपासून साडेतीन हजार किलोमीटर पाणी हे कोणत्याही सिद्धान्ताने आटत नाही. परंतु अंतराला इतिहास असतो. ते केव्हा ओलांडले जात होते, केव्हापासून ओलांडले जाईनासे झाले, कोणी अडवले आणि त्यात कोणाचा लाभ होता, हे प्रश्न विचारल्यावाचून 'दुर्गम' हा शब्द लिहिणे म्हणजे भूगोलाच्या आड लपणे आहे.

या साऱ्याची किंमत कोण मोजतो? समीक्षक नव्हे. शिवाजी विद्यापीठात मराठी घेऊन शिकणारी, कोडोलीसारख्या गावांतून येणारी, घरातली पहिली पदवी हाती घेणारी मुले-मुली ती मोजतात. त्यांच्या घरी ऊसबिलाचा हिशेब असतो, गल्लीत चर्चची घंटा वाजते, चुलता मुंबईत असतो, आजीला जोतिबाच्या वाटेवरचे प्रत्येक गाव तोंडपाठ असते. मग ती प्रबंध लिहायला बसतात आणि पहिल्या प्रकरणात आपले गाव बंदिस्त, स्वयंपूर्ण आणि शहरी वाऱ्यापासून दूर होते असे लिहितात. कारण संदर्भग्रंथांत तसे लिहिले आहे आणि परीक्षकांना ते ओळखीचे वाटते. जे डोळ्यांनी पाहिले ते खोडून, जे वाचले ते ती लिहितात. रापा नुईच्या माणसांना स्वतःच्या बेटावर फिरण्यासाठी परवाना मागावा लागत होता. मराठी समीक्षेने स्वतःच्या गावावर लिहिण्यासाठी असाच एक परवाना बसवला आहे. तो मागणाऱ्यांनी प्रबंधाचे पहिले प्रकरण एकदा पार्श्वभूमीवाचून, वाटांच्या यादीने सुरू करून पाहावे: कोण आले, कोण गेले, काय आले, काय गेले, आणि कोणाला जाऊ दिले नाही.